पहिल्या डोसपर्यंतची मिनिटं

पहिल्या वर्षाच्या बायोकेमिस्ट्रीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर प्रश्न आला होता. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीतलं सहावं अमिनो आम्ल. तिथं ग्लुटामिक ॲसिड हवं, त्या जागी व्हॅलीन आलेलं. त्यामागे जनुकातल्या एका अक्षराची अदलाबदल. मी एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी मान डोलावली आणि त्या युरिया सायकलकडे वळल्या. त्या रात्री हॉस्टेलवर मी मैत्रिणीला दोनदा सांगितलं, की एवढा मोठा आजार आणि त्याचं मूळ एका वाक्यात मावतं. सकाळी डिसेक्शन हॉल, फॉर्मॅलिननं चुरचुरणारे डोळे, दुपारी स्लाइड्स, रात्री पाठांतर. एखादी गोष्ट पूर्ण कळली असं वाटायचे क्षण पहिल्या वर्षात फार थोडे येतात. हा त्यातला एक होता.

तो आजार असलेलं माणूस मला त्यानंतर दोन वर्षांनी भेटलं.

मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये आमच्या बॅचला युनिटच्या इमर्जन्सीच्या रात्री कॅज्युअल्टीत थांबायला लागायचं. त्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एक मुलगी आईबरोबर आली. साधारण माझ्याच वयाची. दोन्ही मांड्या आणि कंबर दुपारपासून दुखत होती. स्ट्रेचरवर ती कुशीवर वळून पडली होती आणि मोबाइलवर काहीतरी बघत होती. रेसिडेंट डॉक्टरांनी पलीकडून एक नजर टाकली. "दहापैकी दहा दुखतंय म्हणते आणि फोन बघतेय," असं म्हणून ते पुढं गेले. ते मनानं वाईट नव्हते. त्या वेळी त्यांच्याकडे धाप लागलेले दोन रुग्ण होते, एक विष घेतलेला मुलगा होता आणि तिघांचेही नातेवाईक त्यांच्याकडे बघत होते.

मला हिस्ट्री घ्यायला पाठवलं. मी नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली: काय होतंय, कधीपासून, कुठं, कसं दुखतं. ती म्हणाली, "हाडाच्या आतून कोणीतरी पिळतंय असं." मग माझ्या पुढच्या प्रश्नांची वाट न बघता तिनंच सगळं सांगितलं. एरवीचं हिमोग्लोबिन किती असतं, झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी किती मिलिग्रॅमची, मागच्या वेळी कुठल्या इंजेक्शननं बरं वाटलं, किती डोस लागला होता. मी लिहून घेत होते. शेवटी मी विचारलं, "एवढं दुखत असताना फोन कसा बघवतो?" मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "दुसरीकडे लक्ष गेलं की थोडं सहन होतं. रडले तर म्हणतात नाटक करते. नाही रडले तर म्हणतात दुखत नाही. मॅडम, तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं सांगितलेलं मी जाऊन वाचून दाखवलं. औषधाचं नाव आणि मात्रा पेशंटनंच सांगितली हे ऐकून कोणीतरी म्हणालं, जरा जपून. रक्त तपासायला गेलं. रिपोर्टची वाट बघायची ठरली. दुखणं थांबवणारं पहिलं इंजेक्शन तिला मिळालं तेव्हा १ वाजून ५० मिनिटं झाली होती. ही वेळ माझ्या वहीत आहे, कारण त्या दोन तास दहा मिनिटांत मी तिच्या शेजारून हलले नव्हते. करण्यासारखं दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

व्हायवात मी सांगितलेलं उत्तर चूक नव्हतं. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन एसचे, म्हणजे या आजारातल्या हिमोग्लोबिनचे, रेणू एकमेकांना चिकटतात, कारण त्या व्हॅलीनचा बाहेर आलेला भाग शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतो. त्यांचे लांब दोर तयार होतात, तांबडी पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून राहतो. हाडातल्या मगजाचं रक्त असं अडलं की जे होतं, त्याला ती मुलगी पिळणं म्हणत होती. एरवी १२० दिवस जगणारी पेशी इथं १० ते २० दिवसांतच फुटते. हे सगळं मला येत होतं. या दुखण्याचं मोजमाप करणारी कुठलीही रक्तचाचणी नाही, हे मात्र मला त्या रात्रीपर्यंत नीट समजलं नव्हतं. नाडी आणि रक्तदाब ठीक असला म्हणून दुखत नाही असं ठरत नाही. रुग्ण सांगतो, तेवढाच पुरावा असतो.

दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर मी लायब्ररीत बसले. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे: सिकलसेलचं तीव्र दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाला आल्यापासून एक तासाच्या आत वेदनाशामक द्यावं, आणि दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा विचारून पुढचा डोस ठरवावा. डोस ठरवताना त्या रुग्णाला आधी काय लागू पडलं होतं ते विचारात घ्यावं. म्हणजे त्या मुलीनं मला जे सांगितलं, तेच डॉक्टरांनी तिला विचारायला हवं होतं.

मी ते पान घेऊन मेडिसिनच्या एका मॅडमकडे गेले. मला विद्यार्थ्यांसाठीचा छोटा संशोधन प्रकल्प करायचा होता, आणि माझ्या डोक्यात जीन एडिटिंगवर, म्हणजे जनुकात हवा तो बदल करण्याच्या तंत्रावर, काहीतरी भारी घोळत होतं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "परवाच्या पेशंटला किती वेळ लागला म्हणालीस?" मी सांगितलं. "बाकीच्यांना किती लागतो?" मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. "मग आधी ते मोज," त्या म्हणाल्या.

मी निराश झाले होते हे कबूल करते. मिनिटं मोजणं हे संशोधन आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

प्रस्ताव लिहायला मला महिना लागला. प्रश्न एका ओळीचा होता: सिकलसेलचं दुखणं घेऊन येणाऱ्या रुग्णाला नोंदणीपासून पहिल्या वेदनाशामक डोसपर्यंत किती मिनिटं लागतात? पण ती एक ओळ पक्की करताना प्रत्येक शब्द उलगडावा लागला. नोंदणी म्हणजे खिडकीवर नाव लिहिलं ती वेळ, की सिस्टरनी पहिल्यांदा पाहिलं ती? वेदनाशामक म्हणजे पॅरासिटॅमॉलची गोळी धरायची की नाही? डोसची वेळ म्हणजे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं ती, की इंजेक्शन खरोखर शिरेत गेलं ती? मला वाटायचं त्या रात्रीचा हिशेब माझ्याकडे चोख आहे. मॅडमनी विचारलं की ११.४० कुठल्या घड्याळात पाहिले, तेव्हा मी उठून खाली गेले. नोंदणीच्या खिडकीवरचं घड्याळ आणि कॅज्युअल्टीतलं घड्याळ यांत सात मिनिटांचा फरक होता. पुढं सगळ्या वेळा एकाच घड्याळावर घ्यायचं ठरलं, आणि दर सोमवारी मी दोन्ही घड्याळं ताडून बघायचे.

नंतर संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी. तिथं जाण्याआधी मी ती पायरी कागदपत्रांची समजत होते. कमिटीतल्या एका सदस्यांनी माझा संमतीपत्राचा मसुदा मोठ्यानं वाचायला लावला. "सदर अभ्यासात वेदनाशामक औषधाच्या प्रथम मात्रेपर्यंतचा कालावधी नोंदवण्यात येईल." दोन ओळी वाचून झाल्यावर त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "तुमच्या आईला हे एकदा ऐकून समजेल का?" मी सगळं पुन्हा लिहिलं. "तुम्हाला इथं आल्यापासून दुखणं कमी करायचं इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ लागला, ते आम्ही लिहून ठेवणार आहोत. तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." पण त्यांचा दुसरा प्रश्न मला जास्त हलवून गेला. संमती कधी विचारणार? दुखण्यानं तळमळणारं माणूस समोर कागद धरला तर सही करेल, त्याला दुसरं काही सुचत नसतं. ती खरी संमती होईल का? मी याचा विचारच केला नव्हता. शेवटी ठरलं की उपचार नेहमीप्रमाणे चालू द्यायचे, आणि रुग्ण सावरल्यावर, झोप झाल्यावर, त्याच्या वेळा वापरू का असं विचारायचं. नाही म्हटलं तर ती नोंद काढून टाकायची. पाच महिन्यांत तिघांनी नाही म्हटलं आणि तिघांच्या नोंदी मी खोडल्या. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नियम सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याची नवी आवृत्ती स्वीकारली गेली तेव्हा ज्याच्यावर संशोधन होतं त्याला 'सब्जेक्ट'ऐवजी 'सहभागी' म्हणायचं ठरलं. एरवी हा शब्दाचा बदल मी वाचून सोडून दिला असता. त्या तीन नोंदी खोडताना तो मला कळला.

माहिती गोळा करण्याचे पाच महिने लांबलचक आणि कंटाळवाणे होते. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी लेक्चर, मग वॉर्ड, दुपारी केसपेपर काढायला रेकॉर्ड रूम, रात्री अभ्यास, मधल्या मधे इंटर्नल परीक्षा. काही केसपेपरवर वेळच लिहिलेली नसायची. पहिल्यांदा असा कागद हातात आला तेव्हा माझ्या मैत्रिणीनं सुचवलं की आधीच्या आणि नंतरच्या नोंदीवरून अंदाजानं लिही. मॅडम म्हणाल्या, रिकामी जागा रिकामीच ठेव, आणि अशा किती रिकाम्या जागा आहेत तेही मोज. शेवटच्या अहवालात तो आकडा स्वतंत्र लिहावा लागला, आणि तोच सगळ्यात जास्त चर्चेचा ठरला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी फॉर्म घेऊन कॅज्युअल्टीत उभी असले की इंजेक्शन लवकर मिळायचं. कोणी मुद्दाम करत होतं असं नाही. मी दिसले की आठवण व्हायची. म्हणून मी तिथं असतानाच्या आणि नसतानाच्या नोंदी वेगळ्या केल्या.

याच काळात मी या आजाराचा इतिहास वाचायला लागले, आणि तो मला सोडवेना. १९०४मध्ये ग्रेनाडा बेटावरून शिकागोला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या लांबट, विळ्यासारख्या पेशी ज्याच्या नजरेत आल्या तो अर्नेस्ट आयर्न्स हा इंटर्न होता. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१०मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि तिथून या आजाराची वैद्यकातली नोंद सुरू झाली. रुग्ण विद्यार्थी, आणि पेशी पाहणारा इंटर्न. नोएलनं शिक्षण पुरं केलं, ग्रेनाडाला परत जाऊन दवाखाना चालवला आणि १९१६मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, न्यूमोनियानं गेला. १९४९चा निबंध लायनस पॉलिंग यांच्या नावानं ओळखला जातो; त्यातले पहिल्या फळीचे प्रयोग करणारे हार्वे इटानो तेव्हा नुकतेच डॉक्टर होऊन पीएचडी करत होते. सिकलसेलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळं सरकतं हे त्यांनी दाखवलं, आणि एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत असू शकतं हे पहिल्यांदा सिद्ध झालं. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७मध्ये तो ग्लुटामिक ॲसिड आणि व्हॅलीनचा फरक शोधला. माझं व्हायवातलं वाक्य ते हेच.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो १९८६चा एक अभ्यास, आणि त्यात नवं औषध नव्हतंच. सिकलसेलच्या लहान मुलांची जंतूंना अडवणारी प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकॉकस जिवाणू त्यांना काही तासांत मारू शकतो. संशोधकांनी तान्ह्या आणि लहान मुलांना रोज दोन वेळा तोंडावाटे पेनिसिलिन दिलं. पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ मुलांपैकी दोघांना गंभीर संसर्ग झाला, नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या ११०पैकी १३ जणांना, आणि त्यातली तीन मुलं दगावली. फरक इतका उघड होता की अभ्यास आठ महिने आधीच थांबवला. जन्मतःच तपासणी करून ही मुलं शोधायला हवीत हा आग्रह त्यातून आला. रेणू माहीत होऊन तेव्हा जवळपास ३० वर्षं झाली होती, पेनिसिलिन बाजारात येऊन त्याहून जास्त. कोणीतरी मुलं मोजून दाखवेपर्यंत हे दोन्ही एकमेकांशेजारी पडून होते. मॅडमनी मला मिनिटं का मोजायला लावली, हे मला तो निबंध वाचताना पटलं.

चौथ्या महिन्यात जर्नल क्लबला, म्हणजे एखादा संशोधन निबंध मांडून त्यावर चर्चा करायच्या बैठकीत, माझी पाळी आली. मी अर्थातच जीन एडिटिंगचा निबंध निवडला. २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल इमॅन्युएल शार्पोंतिए आणि जेनिफर डाउडना यांना जनुक कापणाऱ्या ज्या क्रिस्पर तंत्रासाठी मिळालं, त्यावर आधारलेला पहिला मान्यताप्राप्त उपचार सिकलसेलवरचा आहे. कॅसजेव्ही त्याचं नाव. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली.

मला त्यातली कल्पना फार सुंदर वाटते. जन्मापूर्वी आपल्या सगळ्यांकडे वेगळं, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं आणि ते पेशींचं विळ्यासारखं वाकणं अडवतं. म्हणूनच नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार थोड्या दिसतात. हे निरीक्षण जेनेट वॉटसन यांनी १९४८मध्येच मांडलं होतं. जन्मानंतर ते हिमोग्लोबिन बंद पडतं, आणि ते बंद ठेवण्याचं काम बीसीएल११ए नावाचं जनुक करतं. हे २००८मध्ये दाखवणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक विजय शंकरन तेव्हा स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत एमडी-पीएचडीचे विद्यार्थी होते. नव्या उपचारात बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाहीत. रुग्णाच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी रक्तातून काढून घेतात, त्यांच्यातला बीसीएल११एला चालू ठेवणारा तुकडा क्रिस्परनं कापतात आणि त्या परत देतात. बंद पडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं.

माझ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात आकडा होता: ३०पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग सरांनी विचारलं, "उपचार किती जणांवर झाला?" ४४. "मग ३०च का मोजलेस?" मला उत्तर माहीत होतं: उरलेल्यांना अजून पुरेसा काळ झाला नव्हता. "तुलनेसाठी गट?" नव्हता, प्रत्येक रुग्णाचा आधीचा काळ हीच तुलना. "पंधरा वर्षांनंतर काय?" तेवढी वर्षं अजून झालेलीच नाहीत. सर म्हणाले, "बरोबर. आता तुझी स्लाइड पुन्हा लिही, हे सगळं त्यात धरून." त्यांनी उत्साह मोडला नाही. आकडा कुठपर्यंत बोलतो आणि कुठं थांबतो, ते बोट ठेवून दाखवलं.

आणि सगळ्यात शेवटी त्यांनी विचारलं की पेशी परत देण्याआधी रुग्णाचं काय होतं. मी ती स्लाइड घाईत उरकली होती. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुना मगज रिकामा करावा लागतो. केस जातात, तोंडात फोड येतात, रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ शून्यावर येते, रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात आणि मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरवली होती. म्हणूनच मला २०२५मधली एक घटना फार मोलाची वाटते. यकृतातल्या सीपीएस१ या विकराच्या (एन्झाइमच्या) दुर्मीळ बिघाडासह जन्मलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्यासाठी, फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात सुमारे सहा महिन्यांत जनुक दुरुस्तीचं औषध बनवलं गेलं आणि ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म थेंबांतून थेट शिरेत दिलं. पेशी बाहेर काढणं नाही, केमोथेरपी नाही. हे थेंब यकृतात सहज पोचतात, हाडातल्या मगजापर्यंत पोचवणं कितीतरी अवघड आहे. पण ते जमलं तर सिकलसेलच्या रुग्णाला बुसल्फानमधून जावं लागणार नाही.

त्याच सत्राची तयारी करताना मी फार्माकॉलॉजीची जुनी वही उघडली. त्यात व्हॉक्सेलोटॉर या सिकलसेलवरच्या औषधाचं पान आहे, लाल शाईनं अधोरेखित. २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता, हिमोग्लोबिनची पातळी वाढते या आधारावर. सप्टेंबर २०२४मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं, कारण पुढच्या माहितीत वेदनेचे झटके आणि मृत्यू पाहता फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला. हिमोग्लोबिन वाढणं आणि माणूस बरं होणं या दोन गोष्टी मी परीक्षेत एकच धरून लिहिल्या होत्या. ते पान मी फाडलं नाही. वरच्या कोपऱ्यात नवी तारीख घातली.

ती मुलगी पाचव्या महिन्यात पुन्हा दाखल झाली, या वेळी छातीत दुखत होतं म्हणून. बरं वाटल्यावर मी संमती विचारायला गेले. तिनं कागद पूर्ण वाचला, सही केली आणि विचारलं, "मोबाइलवर वाचलं, यावर आता कायमचा उपचार निघालाय. मला मिळेल?" तिची आई पलंगाच्या कडेला बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी जर्नल क्लबमध्ये सांगितलं होतं तेच सांगितलं, साध्या शब्दांत. हो, निघालाय. ज्यांना दिला त्यांतल्या बहुतेकांचे झटके थांबले. तो घेताना केमोथेरपी लागते, पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, खर्च फार मोठा आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी देतात. तुम्हाला कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही. आई म्हणाली, "खरं सांगितलंस, पोरी." मुलीनं काही वेळानं विचारलं, "आणि तोवर?" मी हायड्रॉक्सियुरियाबद्दल बोलले. १९९५च्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसांना वर्षाला साधारण अडीच झटके आले, नुसती प्लासिबो घेणाऱ्यांना साडेचार, असं दिसलं होतं, तेही रोज नेमानं गोळी घेतल्यावर. ती म्हणाली, मधे दोन महिने तिला गोळी मिळालीच नव्हती. ते मी केसपेपरवर लिहिलं आणि रेसिडेंटना जाऊन सांगितलं.

मग विश्लेषण. मी सरासरी काढून आणली होती. मॅडमनी मध्यक, म्हणजे सगळ्या वेळा क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढायला लावला, कारण एका रुग्णाला पाच तास लागले होते आणि तो एकटाच सगळ्यांची सरासरी ओढून नेत होता. मध्यकही तासाच्या पुढंच होता. मी नसतानाच्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा आणखी पुढं गेला. पण अहवाल लिहिताना माझा बराचसा राग निवळला होता, कारण तोवर उशीर कुठं होतो ते दिसलं होतं. या दुखण्यावरची अफूजन्य औषधं कुलूपबंद कपाटात असतात आणि ती तशीच असायला हवीत. पण रात्रपाळीला किल्ली एकाच सिस्टरकडे असायची आणि त्या दोन वॉर्ड सांभाळायच्या. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही असा कुठलाही नियम नव्हता, तरी सगळे रिपोर्टची वाट बघायचे. आणि रुग्णाला आधी काय लागू पडलं, हे दर वेळी नव्यानं विचारलं जायचं, किंवा विचारलंच जायचं नाही.

विभागाच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा माझा आवाज कापत होता. पहिल्या रात्रीचे रेसिडेंट दुसऱ्या रांगेत बसले होते. प्रश्नोत्तरांत ते उठले आणि म्हणाले की रिपोर्टची वाट बघायची सवय त्यांनाही वरच्यांकडून लागली, ती कुठून आली हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनीच सुचवलं की प्रत्येक नेहमीच्या रुग्णाला एक कार्ड द्यावं: निदान, एरवीचं हिमोग्लोबिन, लागू पडणारं औषध, डोस, खाली विभागाची सही आणि शिक्का. रुग्णाच्या तोंडून आलेल्या औषधाच्या नावावर संशय घेतला जातो, शिक्क्यावर घेतला जात नाही. रात्रीच्या दुसऱ्या किल्लीची व्यवस्था मेट्रन मॅडमनी आठवड्यात केली. कार्डाला दोन महिने लागले, बहुतेक वेळ डोस कोणी ठरवायचा यावर गेला.

आता दुसरी फेरी चालू आहे. तेच फॉर्म, तेच एक घड्याळ, पण नोंदी माझ्यानंतरच्या बॅचची दोन मुलं घेतात, कारण मला फायनलचा अभ्यास आहे आणि मॅडमच्या मते मी आता तिथं उभी राहायला नकोच. निकाल काय येईल ते सांगता येणार नाही. त्यातल्या एकानं गेल्या आठवड्यात मला रात्री साडेबाराला फोन केला. एक मुलगी आली आहे, तिच्याकडे कार्ड आहे, पण शिक्का पुसट झालाय, सिस्टर विचारताहेत चालेल का. मी म्हटलं, सही वाचता येते का बघ. तो म्हणाला, येते. मागून सिस्टरांचा आवाज आला, किल्ली आण म्हणून. मी विचारलं, आल्याची वेळ लिहिलीस ना?

"१२ वाजून १४," तो म्हणाला, आणि फोन ठेवून गेला.